बोरीखालची माती

चाळीसगाव सोडलं तेव्हा थंडी होती आणि एसटीच्या काचा बंद होत नव्हत्या. कन्नडचा घाट सुरू झाला की गाडी दम खात चढते. खाली दरीत धुकं साचलेलं, कडेच्या सागाची पानं वाळून तांबूस झालेली. माथ्यावर पोचल्यावर पुढच्या बाकावरचा म्हातारा कुणालाच उद्देशून नव्हे असं म्हणाला, "चला, मोगलाई लागली." निजामाचं राज्य जाऊन पंचवीसेक वर्षं झाली, तरी खानदेशातली जुनी माणसं घाटापलीकडच्या मुलखाला अजून मोगलाईच म्हणतात. मी त्याच मोगलाईतला. माझ्या पिशवीत टॉवेल, दाढीचं सामान आणि धुऊन घडी घातलेला धोतराचा एक फडका होता. फडका माती बांधून न्यायला घेतला होता.

या मासिकासाठी मी याआधी बदामीवर लिहिलं, रामेश्वरावर लिहिलं. त्या लेखांत देवळं होती, समुद्र होता, जेवणाच्या तक्रारी होत्या. मी कुठं नव्हतो. हा प्रवास अगदी जवळचा आहे, चाळीसगाव ते औरंगाबाद आणि परत. यात लपायला जागा नाही.

मी कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतो. सद्गुण कोणते, दुर्गुण कोणते, कुठल्या धर्मानं त्यांची मांडणी कशी केली, हे वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. लोक मला मितभाषी म्हणतात आणि ते कौतुकानं म्हणतात. मीही ते कौतुक घेत आलो.

निघण्याचं कारण एक निरोप. आमच्या गावचा एकजण कोर्टाच्या कामाला औरंगाबादला गेला होता. तिथं शहागंजात त्याला आमची जुनी शेजारीण अमीनाचाची भेटली. तिनं सांगून पाठवलं: उस्मानचाचांचं आता काही खरं नाही. त्यांना मुन्नीच्या कबरीवरची मूठभर माती हवी आहे, स्वतःच्या कबरीत टाकायला. दत्तूला म्हणावं, तूच घेऊन ये.

दत्तू म्हणजे मी.

उस्मानचाचांचं शेत आमच्या शेताला लागून होतं, मध्ये एक बांध आणि बांधावर एक बोर. त्यांची लहानगी लेक मुन्नी तापानं गेली तेव्हा नदीला पूर होता, पलीकडच्या गावच्या कबरस्तानात नेता येईना, म्हणून तिला त्या बोरीखालीच ठेवलं. चार बोटं उंच माती, डोक्याकडे एक दगड आणि पायाकडे एक. पुढं रझाकारांचे दिवस आले. आम्ही घर सोडून घाट उतरलो आणि चाळीसगावला नातेवाइकांकडे राहिलो. घराची किल्ली आणि जनावरं चाचांकडे होती. परत आलो तेव्हा एक वासरू जास्त निघालं. गाय मध्यंतरी व्यायली होती. चाचांनी तेही दाव्यासकट आणून बांधलं.

मग पोलीस ॲक्शन झाली आणि वारं फिरलं. ज्यांनी काही केलं होतं ते आधीच पळाले होते. राहिले ते काही न केलेले, आणि शेजारच्या गावांतून त्यांच्याविषयी रोज काहीबाही कानावर यायला लागलं. चाचांनी शेत बाबांना लिहून दिलं. भाव त्या दिवसांतला होता, एवढंच सांगतो. पहाटे मी त्यांना आमच्या बैलगाडीतून कन्नडच्या सडकेपर्यंत पोचवलं. उतरताना चाचांनी माझा हात धरला. "शेत तुमचं झालं, दत्तू. बोरीखालचं तेवढं माझं. अमानत समज." मी व्हय म्हणालो. तेव्हा मी विशीत होतो. गावात अजून म्हणतात, त्या दिवसांत दत्तूनं मुसलमानाचं कुटुंब सुखरूप पोचवलं. सत्कारात एकदा व्यासपीठावरूनही हे सांगितलं गेलं आणि मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आमच्याकडे बांध कोरणं हा गुन्हा मानत नाहीत, खोडी मानतात. दरवर्षी नांगरताना एक तास (नांगराची रेघ) शेजाऱ्याच्या बाजूला सरकवायचं, शेजाऱ्यानं शिव्या द्यायच्या, पुढच्या वर्षी त्यानं आपल्याकडं सरकवायचं. त्या शिव्यांनीच बांध टिकतो. इथं दोन्ही बाजूंचं शेत आमचंच झालं होतं, त्यामुळं शिव्या द्यायला कुणी उरलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी बोरीला लांबून वळसा घातला. पुढच्या वर्षी बैल वळवताना एक तास आत गेलं. त्याच्या पुढच्या वर्षी, गेलंच आहे तर, म्हणून आणखी एक. कुठल्याही एका वर्षी मी कबर मोडली नाही. मग एका उन्हाळ्यात फाळ खणकन वाजला आणि डोक्याकडचा दगड वर आला. विहिरीच्या थारोळ्याचा (मोट जिथं रिकामी होते त्या दगडी कुंडीचा) एक दगड निखळला होता, त्या जागी मी तो बसवला. चपखल बसला. पायाकडचा दगड कुठं गेला आठवत नाही. पुढं मी शिकायला बाहेर पडलो. सावलीनं पीक धरत नाही म्हणून धाकट्या भावानं बोर तोडली आणि तसं कळवलं. मी त्याला उत्तरात आईच्या औषधाचं विचारलं.

कन्नडला उतरून जीपनं गावी गेलो. रंगनाथ, माझा भाऊ, शेतातच होता. हुरड्याचे दिवस. त्यानं गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, भावजय भाजलेली कणसं हातावर चोळून दाणे पुढं करत होती. कोवळा, गोड हुरडा, वर तिळाची चटणी. चार मुठी खाल्ल्यावर मी कामाचं काढलं.

"कोन्ती कबर?" रंगनाथ म्हणाला.

"मुन्नीची. बोरीखालची."

"आरं दादा, बोर तोडून जमाना झाला. आता समदा शाळू हाय तिथं. ती कुठं व्हती ते मलाबी घावायचं नाय."

"अंदाजानं दाखव."

"माती मातीच की. तुज्या कालेजात तिलाबी नंबर देत्यात का?" भावजय पदराआड हसली. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, तो उठला आणि शाळूत शिरून हात पसरून उभा राहिला. "ह्यो बांध व्हता असं धर. म्हंजी बोर हितं. न्हाईतर तितं. तू आता जे खाल्लंस ते ह्याच पट्ट्यातलं हाय."

मी दोन ओळींमधली माती मुठीनं घेतली. काळी, ओलसर, मुळांनी भरलेली. फडक्यात बांधली.

दुसऱ्या दिवशी कन्नडहून औरंगाबादची गाडी पकडली. शेजारी एक धनगर येऊन बसला. डोक्याला तांबडं मुंडासं, मांडीवर कोकरू. तो छावणीच्या बाजाराला निघाला होता. मी गाठोडं दोन्ही हातांनी धरलेलं पाहून त्यानं विचारलं, "परसाद हाय का, गुरुजी?"

"माती आहे."

"मातीला एवढं जपताय? म्या पोराला जपलं नाय एवढं." मग जरा थांबून, "बायकूनं मागितली का? डोहाळं लागलं म्हंजी खात्यात बाया."

मागचे दोघं हसले. मी हसलो नाही, म्हणून त्यानं विषय कोकराच्या खोकल्यावर नेला.

वेरूळला गाडी चहाला थांबली. समोर डोंगराच्या कडेनं लेण्यांची काळी तोंडं ओळीनं दिसत होती. इथं मी दरवर्षी विद्यार्थी घेऊन येतो. बौद्धांच्या लेण्यात शीलाबद्दल बोलतो, कैलासात षड्रिपूंबद्दल आणि शेवटी जैनांच्या लेण्यात अस्तेयाबद्दल. अस्तेय म्हणजे नुसतं चोरी न करणं नव्हे, दिलेलं नसेल ते न घेणं, असं मी तिथल्या गार अंधारात समजावून सांगतो. मुलं लिहून घेतात. एकदा एका मुलीनं विचारलं होतं, "सर, हळूहळू घेतलं तर?" मी म्हणालो होतो, चांगला प्रश्न आहे, आणि घड्याळ बघून सगळ्यांना बसकडं चला म्हटलं होतं. त्या दिवशी लेण्यांकडं पाठ करून चहा प्यायलो. साखर फार होती.

खुलताबाद सोडल्यावर रस्ता वळणावळणांनी दौलताबादकडं उतरतो. अशाच एका वळणावर कोकरू बिचकलं आणि त्यानं थेट माझ्या मांडीवर उडी घेतली. गाठोडं निसटलं, गाठ सुटली, निम्मी माती बाकाखाली सांडली. लोकांच्या चपला, शेंगांची टरफलं, तंबाखूच्या पिचकाऱ्या, त्यात ती गेली. मी वाकून बोटांनी गोळा करायला लागलो, तर कंडक्टर म्हणाला, "ओ मास्तर, गाडी झाडायची असंल तर डेपोत या."

धनगर ओशाळला होता. खाली किल्ल्याच्या जुन्या वेशीतून रस्ता जातो. तिथं समोरून ट्रक घुसलेला, म्हणून आमची गाडी थांबली. तेवढ्यात फडका माझ्या हातातून घेऊन तो खाली उतरला. खिडकीतून मला दिसत होतं: वेशीच्या कडेला उकिडवा बसला, ओंजळभर माती उकरली, खडे वेचून टाकले, फडक्यात भरली आणि दातांनी गाठ आवळली. येऊन माझ्या मांडीवर ठेवली. "घ्या. पयल्यापरीस जास्तच भरली."

त्याला सांगता आलं असतं. फडका उलटा करून रिकामा करता आला असता. मी "बरं" म्हणालो. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच गोष्टी या एका शब्दावर झाल्या आहेत. पडेगाव मागं पडलं, छावणीला तो उतरला, आणि उतरताना कोकराचा पाय हातासारखा हलवून त्यानं माझा निरोप घेतल्यासारखं केलं.

स्टँडवरून टांगा केला. शहागंजच्या घड्याळाच्या मनोऱ्याजवळ गर्दीत टांगा अडला. तंदुरीतून निघालेले नान हातगाडीवर रचलेले, शेजारच्या डेगीतून खलियाचा (मसालेदार रश्श्याच्या मटणाचा) वास. भूक होती, पण उतरावंसं वाटलं नाही. रोशन गेटच्या पलीकडं, विचारत विचारत, एका बोळात घर सापडलं. पुढं फरशीचं लहान अंगण, पाण्याचा हौद, आत एकच मोठी खोली.

अमीनाचाची चुलीपुढं भाकरी थापत होती. मला बघून तिनं हात पुसले नाहीत. पिठाच्या हातानंच माझं तोंड इकडून तिकडून वळवून पाहिलं. "म्हातारा झालास की रं. टक्कल पडलं. तरी वळखलं मी, बापावर गेलास." मग आतल्या खोलीकडं हात करून आवाज खाली आणला. "झोपल्यात. दिसत नाय आता. पोराला नाय आवडलं हे, मातीचं. मौलवी म्हंत्यात असलं काय नसतं आपल्यात. म्या म्हटलं नसू दे. मागतंय ते माणूस. आनली न्हवं?"

मी गाठोडं दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवलं. घाट चढल्यापासून ठरवलं होतं की देऊन टाकायचं, एका म्हाताऱ्याला मरताना समाधान द्यायचं, करुणेपुढं सत्यालाही थोडं सरकावं लागतं. वर्गात मी याच्या दोन्ही बाजू मांडतो. पण पिठाचे हात गालाला लागलेले होते.

"चाची, ही बोरीखालची नाही."

"मंग?"

मी सांगितलं. तिनं मध्ये तोडलं नाही. तव्यावरची भाकरी करपली तेव्हा ती काढून बाजूला ठेवली आणि पुन्हा माझ्याकडं बघत राहिली. मग एक एक विचारलं.

"नांगर कुनी धरला व्हता?"

"मी."

"बोर?"

"तोडली. रंगनाथनं. मला माहीत होतं."

"डोस्क्याकडचा दगड?"

"थारोळ्यात बसवला."

"म्हंजी इतकी वर्सं पानी त्याच्यावर पडतंय."

"आता मोट नाही, चाची. इंजिन आहे."

"काय पेरता तितं?"

"यंदा शाळू आहे."

"तू खाल्लास?"

"काल. हुरडा."

तिनं मान हलवली, जणू हेच तेवढं राहिलं होतं. हौदात कुणीतरी तांब्या सोडलेला होता, तो पाण्यावर फिरत होता.

"मला कशाला सांगितलंस?" ती म्हणाली.

"खोटं बोलवेना."

"आता व्हय?" आवाज चढला नव्हता. "आता तू हलका होऊन जाशील घाट उतरून. म्या हितं ऱ्हानार. रोज त्यांचं तोंड धुनार, रोज ते मुन्नीचं नाव घेनार, आन् मला ठावं असनार. ह्ये मला दिऊन चाललास तू."

नीतिशास्त्राच्या कुठल्या तासाला हे शिकवलेलं नव्हतं, की खरं बोलणंही दुसऱ्याच्या बांधात घातलेलं एक तास असू शकतं.

तिनं गाठोडं उचललं आणि माझ्या हातात दिलं. "आत चल. त्यांच्या हातात दे. बोरीखालची हाय म्हन."

"चाची, आता पुन्हा..."

"इतकी वर्सं जमलं न्हवं? आजचा एक दिस माझ्यासाठी बोल." मग उठता उठता म्हणाली, "ते हायेत तवर. ते गेले की मंग सांग समद्यांला. नाव घालून सांग. तुजं."

आत अंधार आणि कडू तेलाचा वास. चाचा भिंतीला टेकून बसलेले, कधी जागे झाले होते देव जाणे. माणूस म्हणजे नुसती हाडांची मोळी. चाची दारात उभी राहिली.

"दत्तू आया क्या?"

"हो, चाचा."

"मुन्नी के पास की है ना?"

मी तिच्याकडं पाहिलं. तिनं माझ्यावरची नजर हलवली नाही.

"बोरीखालचीच," मी म्हणालो.

त्यांनी गाठ स्वतः सोडली. चिमूट घेऊन बोटांत चोळली, नाकाशी नेली. शेतकऱ्याची बोटं, डोळे गेले तरी ती गेली नव्हती. थांबले. पुन्हा चोळली. "ह्यात मुरूम हाय, दत्तू. तितं मुरूम नव्हता."

दौलताबादच्या वेशीतली ओंजळ. "बांध जुना झाला, चाचा. पावसानं धुपतो दरवर्षी. खालचा मुरूम वर आलाय."

"हौ," त्यांनी मान डोलावली. "पानी लई मारतंय त्या बाजूनं. दगड लाव की बांधाला."

"लावतो."

"बोरं लागली असतील आता."

"लागलीत."

"आनली नाय?"

"घाईत निघालो, चाचा."

ते हसले. दात नव्हते. "मुन्नी कच्चीच खायची. मार खायची आन् खायची." फडका त्यांनी उशीखाली सारला, वर हात ठेवला आणि त्या हातावर डोकं टेकलं.

बाहेर आल्यावर चाचीनं भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. मी ताटाकडं बघत बसलो. "खा," ती म्हणाली. "तुमच्या शेतातलं नाय. बाजारातनं आनलंय." मी खाल्लं. ती समोर बसून राहिली, आणि मी निघालो तेव्हा दारापर्यंत आली नाही.

परतीची गाडी धरली. कन्नडला उतरलो, गावी गेलो, रंगनाथकडून पहार मागून घेतली. विहिरीचं थारोळं कोरडं होतं, शेवाळ वाळून पापुद्रे सुटलेले. दगड निघायला वेळ लागला. मी तो फारच नीट बसवला होता. एक बाजू पाण्यानं गुळगुळीत झालेली. तो खांद्यावर घेऊन शाळूत शिरलो. पीक डोक्याच्या वर, जिकडं पाहावं तिकडं सारखंच. जिथून माती घेतली होती ती जागासुद्धा सापडेना. रंगनाथ शेताच्या कडेवरून म्हणाला, "ठेव की कुठंबी, कोन बघतंय." खांदा दुखेपर्यंत मी त्या पिकात फिरलो आणि शेवटी जिथं हात सुटला तिथं ठेवला. उभा करायचा धीर झाला नाही. आडवाच आहे.

चाचा उन्हाळ्याच्या तोंडाशी गेले. माती बरोबर दिली की नाही, मी विचारलं नाही. कोर्टाच्या कामाला जाणाऱ्या त्याच माणसाबरोबर चाचीचा निरोप आला, एवढाच: आता सांग. माझं नाव दत्तात्रय. नांगर मी धरला होता.

गेल्या आठवड्यात रंगनाथनं कळवलं, नांगरट सुरू करायची आहे, दगड आडवा येतोय, काय करू. मी कळवलं, त्याला वळसा घालून नांगर. त्यानं उलट विचारलं आहे, किती लांबून?